सुगिहारांचं टेबल: शाळेत किंवा गावच्या वाचनालयात प्रदर्शन कसं मांडावं

२७ जानेवारी हा ज्यूंच्या वंशसंहाराचा आंतरराष्ट्रीय स्मरणदिन. १९४५ साली याच तारखेला आउशवित्झची छळछावणी मोकळी झाली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांना ही तारीख सोयीची पडते, कारण आदल्या दिवशी झेंडावंदनाला पालक, सरपंच, माजी विद्यार्थी असे सगळे आवारात असतात. प्रदर्शन २६ला झेंडावंदन संपताच उघडावं आणि २८ला संध्याकाळी उतरवावं. तीन दिवस पुरतात. तयारीला मात्र पाच आठवडे धरा. डिसेंबरात स्नेहसंमेलन असेल तर त्याआधीच पाट्यांचा मजकूर लिहून ठेवा, नंतर हातात कुणी सापडत नाही.

विषय म्हणून लिथुआनियातल्या कौनास शहरातले जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा घ्यावेत, असं आम्ही सुचवतो. त्यांनी ज्यूंना वाचवलं ते टेबलाशी बसून: पासपोर्ट उघडायचा, व्हिसाचा मजकूर लिहायचा, सही-शिक्का करायचा, नोंद घालायची, पुढचा पासपोर्ट घ्यायचा. तहसील कचेरीत दाखल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला जावक क्रमांक नसलेला कागद काय किमतीचा, हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून खोलीच्या मधोमध फोटो न ठेवता टेबल ठेवा. बाकी सगळं त्या टेबलाभोवती.

खोली आणि पाट्या

साधारण २० बाय २५ फुटांचा वर्ग पुरतो. बाक बाहेर काढा. चार बाक मात्र पाट्या टेकवायला भिंतीशी राहू द्या. मोठ्या पाट्या सातच करा. २ बाय ३ फूट, ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण खिडकीतून ऊन आलं की चकाकतो आणि अक्षर वाचता येत नाही. शिवाय जानेवारीतल्या कोरड्या वाऱ्याने फडफडत राहतो.

एका पाटीवर १०० ते १२० शब्द, त्याहून जास्त नकोत. मथळा ९० पॉइंट, मजकूर ३० पॉइंट. पाटीचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर. पाचवी-सहावीची मुलंच जास्त येणार असतील तर चार फुटांवर. चुना मारलेल्या भिंतीवर दुतोंडी टेप धरत नाही, चुन्याची पापडी घेऊन पाटी रात्रीत खाली येते. वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडून सुतळीने खिळ्याला टांगा. भोक कडेपासून एक इंच आत घ्या, नाहीतर सनबोर्ड फाटतो.

छपाईच्या दुकानात हमखास घोटाळा होतो तो फॉन्टचा. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर दुकानदार जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो आणि वेलांट्या, रफार, जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. सुगिहारांच्या नावातला ‘हि’ हाच पहिला बळी. मजकूर पीडीएफ करूनच द्या, एक पाटी साध्या कागदावर छापून घ्या, दोघांनी मोठ्याने वाचा, मग उरलेल्या सहांना हो म्हणा.

प्रोजेक्टरवर विसंबू नका. वीज गेली तर प्रदर्शनच गेलं. खिडकीचा उजेड पाट्यांवर बाजूने पडेल अशी मांडणी करा.

आधी घटनाक्रम पक्का करा

या विषयात चुका इथेच होतात, म्हणून थोडं सावकाश.

१ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. हजारो पोलिश ज्यू शेजारच्या, तेव्हा तटस्थ असलेल्या लिथुआनियात पळाले. सुगिहारा त्याच वर्षी कौनासला आले. त्यांना रशियन उत्तम येत होती आणि सोव्हिएत-जर्मन हालचालींवर नजर ठेवणं हे त्यांचं खरं काम होतं. १५ जून १९४०ला सोव्हिएत सैन्य लिथुआनियात शिरलं. परदेशी कचेऱ्या बंद करण्याचे हुकूम निघाले. १८ जुलैच्या सकाळी सुगिहारांच्या कचेरीबाहेर माणसांची गर्दी उभी होती.

तेव्हा ‘जर्मनांच्या ताब्यातल्या लिथुआनियात’ असं पाटीवर कधीही लिहू नका. १९४०च्या उन्हाळ्यात तिथे सोव्हिएत सत्ता होती. जर्मन सैन्य २२ जून १९४१नंतर आलं आणि लिथुआनियातल्या दहांपैकी नऊहून अधिक ज्यू मारले गेले. कागद लिहिले गेले ते या दोन तारखांच्या मधल्या फटीत. हे नीट सांगितलं नाही तर घाई कसली होती, ते मुलांना कळत नाही.

सुगिहारांना ‘राजदूत’ म्हणू नका. ते उपवाणिज्यदूत होते, एका छोट्या कचेरीचे प्रमुख. राजदूताचे अधिकार त्यांच्याकडे नव्हते, हाच तर मुद्दा.

आणि वाचलेल्यांचा आकडा. सहा हजार, दहा हजार अशा संख्या सर्रास लिहिल्या जातात. हातात आहे ती त्यांनीच तयार केलेली यादी: २,१३९ नावं. एका व्हिसावर कधी अख्खं कुटुंब प्रवास करत होतं, तर व्हिसा मिळूनही काहींना निघता आलं नाही. म्हणून पाटीवर ‘२,१३९ नोंदी, हजारो माणसं’ एवढंच लिहा. विचारणाऱ्याला कारण सांगता येतं, आणि ते कारण ऐकण्यासारखं आहे.

चार कागदांची माळ

हा देखावा आमच्या मते प्रदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा, आणि खर्च जवळपास शून्य. जाड पुठ्ठ्याची चार कार्डं घ्या, ८ बाय १० इंच. दाराच्या चौकटीला सुतळीने पहिलं कार्ड टांगा. कपडे वाळवायच्या लाकडी चिमट्याने पहिल्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, तिसऱ्याला चौथं, असं एकाखाली एक लावा.

पहिलं: ओळखीचा कागद किंवा पासपोर्ट.
दुसरं: शेवटी कुठे जाणार, त्या देशाचा कागद.
तिसरं: वाटेतल्या देशाचा, म्हणजे जपानचा, पारगमन व्हिसा.
चौथं: सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याची परवानगी आणि रेल्वेचं तिकीट.

मुलाला सांगायचं: दुसऱ्या कार्डाचा वरचा चिमटा काढ. खालची तिन्ही एकदम पडतात. जपानचं धोरण असं होतं की पुढच्या देशात प्रवेश आणि पुरेसे पैसे असल्याशिवाय पारगमन द्यायचं नाही. आणि बाहेर पडायची सोय दाखवल्याशिवाय सोव्हिएत सोडणार नव्हते. म्हणजे दुसऱ्या कागदावर सगळं अडलेलं.

तो दुसरा कागद दिला यान झ्वार्तेंडाइक यांनी. फिलिप्स कंपनीचे कौनासमधले प्रतिनिधी, आणि काही आठवड्यांपूर्वीच नेमलेले डच मानद वाणिज्यदूत. पेस्ला लेविन या मूळच्या डच बाईंनी रीगातले डच राजदूत द डेकर यांना पत्र लिहून मार्ग विचारला होता. डच वसाहतींचा नियम असा: कुरासाव आणि सुरिनामला जायला व्हिसा लागत नाही, मात्र उतरायचं की नाही ते तिथला गव्हर्नर ठरवतो. द डेकर यांनी नियमाचा पहिला अर्धा भाग लिहिला, दुसरा गाळला. झ्वार्तेंडाइक यांनी तोच मजकूर फ्रेंचमध्ये उतरवून, जुलै अखेरीस सुरुवात करून जेमतेम दहा दिवसांत दोन हजारांहून अधिक लोकांना दिला. लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. कुरासावला जवळजवळ कुणीच गेलं नाही.

याची एक पाटी करा आणि तिचा अर्धा भाग कोरा ठेवा. वरच्या अर्ध्यात ठळक: ‘सुरिनाम, कुरासाव व अमेरिका खंडातल्या इतर डच प्रदेशांत परकीयांच्या प्रवेशासाठी व्हिसाची आवश्यकता नाही.’ खालच्या अर्ध्यावर बारीक अक्षरात: ‘गव्हर्नरची परवानगी लागते’, आणि त्यावर उचलता येईल असा कागदी पडदा. पडदा उचलला की न लिहिलेली ओळ दिसते. नुसत्या सुगिहारांचं प्रदर्शन मांडून झ्वार्तेंडाइक यांना वगळणं ही मोठी चूक. एकाच्या कागदावाचून दुसऱ्याचा कागद उभा राहिला नसता.

टेबल

साधं शिक्षकांचं टेबल, एक खुर्ची, शाईचं पेन, टिपकागद, रजिस्टर, घड्याळ. बस.

रजिस्टर लांबड्या आकाराचं घ्या, दोनशे पानी. रकाने सात: क्रमांक, राष्ट्रीयत्व, नाव, प्रवेश की पारगमन, तारीख, फी, शेरा. सुगिहारांची यादी अशाच रकान्यांची आहे. पानावर २५ ओळी धरल्या तर २,१३९ नोंदींना ८६ पानं लागतात. वर्गातल्या ४० मुलांना प्रत्येकी ५४ क्रमांक वाटून द्या. ती आपापल्या हाताने क्रमांक घालतील. नावांचा रकाना रिकामा ठेवा. काल्पनिक ज्यू नावं रचून भरू नका, आणि पाहुण्यांना तिथे स्वतःची नावंही लिहू देऊ नका. खऱ्या माणसांच्या जागा आहेत त्या. अभिप्रायाची वही वेगळी, दाराशी.

टेबलाशी बसलेल्या पाहुण्याने एक व्हिसा हाताने लिहायचा. मजकूर असा ठेवा:

‘पारगमन व्हिसा. जपानमार्गे सुरिनाम, कुरासाव व इतर डच वसाहतींकडे जाण्यासाठी. त्सुरुगा येथे प्रवेश. नाव. तारीख. उपवाणिज्यदूत, कौनास.’

खऱ्या व्हिसावर साल शोवा १५ असं होतं, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं. आपल्याकडे त्या वेळी शके १८६२ चालू होतं. हे बाजूला चिठ्ठीवर लिहा, आजोबा मंडळी थांबून वाचतात.

घड्याळ लावायचं. चार मिनिटं लागली असं धरू. २,१३९ गुणिले ४ म्हणजे ८,५५६ मिनिटं, जवळपास १४३ तास. दिवसाचे आठ तास धरले तर १८ दिवस, आणि त्यात माणसाशी बोलणं, कागद तपासणं, तारा पाठवणं काहीच धरलेलं नाही. बहुतेक नोंदी जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच्या. हा हिशोब फळ्यावर मुलांकडूनच करवून घ्या. प्रत्येकाचे मिनिटं वेगळे येतात, त्याने बिघडत नाही.

शाईचं पेन मुद्दाम. शाई वाळेपर्यंत थांबावं लागतं, टिपकागद लावावा लागतो, आणि दहाव्या कागदाला बोटं आखडतात. पण चेलपार्कसारखी शाई टेबलावर उघडी ठेवली तर तासाभरात सांडते, म्हणून दौत वाळूने भरलेल्या वाटीत रोवा.

शिक्का बटाट्याचा किंवा भेंडीचा चालेल. लहान मुलांना तोच आवडतो. रबरी हवा असेल तर शाळेचं पत्र न्या, गोल शिक्का दुकानदार पत्राशिवाय सहसा करत नाही. शिक्क्यावर ‘प्रदर्शनापुरता’ हा शब्द घालाच. कोणत्याही देशाची राजमुद्रा घालू नका, आपली तर नाहीच.

एक कडक पथ्य. मुलांना ज्यू, सैनिक, निर्वासित बनवून रांगेत उभं करू नका, दंडाला पिवळा तारा बांधू नका. मुलं खिदळतात, किंवा एखादं खरोखर घाबरतं. दोन्हींमुळे त्या माणसांचा अपमान होतो. टेबलाची लिहिणारी बाजू मात्र कुणालाही देता येते, कारण तिथे करायचं काम खरं आहे.

व्हरांड्यातली आगगाडी

नकाशा भिंतीवर नको, जमिनीवर आखा. प्रमाण १ फूट म्हणजे ५०० किलोमीटर. कौनास ते मॉस्को पावणेदोन फूट. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा सैबेरियातला लोहमार्ग ९,२८९ किलोमीटरचा, म्हणजे साडेअठरा फूट. तिथून जहाजाने जपानच्या त्सुरुगा बंदरापर्यंत सरळ रेषेत ९०० किलोमीटर, पावणेदोन फूट, निळ्या रंगात. त्सुरुगा ते कोबे तीन इंच. एकूण सव्वाबावीस फूट. बहुतेक व्हरांड्यांत मावतं. शेजारीच त्याच प्रमाणात भुसावळ ते मुंबई आखा: सुमारे ४४० किलोमीटर, साडेदहा इंच. भुसावळकडच्या माणसाला रेल्वेचं अंतर अंगात मुरलेलं असतं. ती साडेदहा इंचांची रेघ पाहिली की पुढे बोलावं लागत नाही.

रेघ गेरू किंवा पांढऱ्या रंगाने काढा. रांगोळी पहिल्या दिवशीच चपलांनी जाते.

कोबेहून पुढे कोण कुठे गेलं, त्याची छोटी कार्डं शेवटच्या टोकाला ठेवा. अमेरिका, कॅनडा, पॅलेस्टाइन. उरलेले १९४१मध्ये शांघायला. मीर इथली येशिवा, म्हणजे धर्मपाठशाळा, जवळपास पूर्ण याच वाटेने शांघायला पोहोचली. झेराख वारहाफ्तिग हे याच वाटेने निसटले, आणि पुढे इस्रायलच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करून मंत्री झाले.

स्वस्तिकाचं काय करायचं

हे आधी ठरवा, ऐनवेळी नको. आपल्या उंबऱ्यावर, वहीपूजनाला, लग्नपत्रिकेवर स्वस्तिक असतं. नाझींचं चिन्ह पाटीवर छापलं की एखादं मूल विचारतंच, की हे तर आमच्या दारावर आहे. आमचं मत: पाट्यांवर ते छापूच नका, कागदांच्या या कहाणीला त्याची गरज नाही. जुन्या फोटोत दिसत असेल तर खाली चार ओळींची चिठ्ठी लावा. जर्मन लोक त्याला हाकेनक्रॉइत्स, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणत; लाल झेंड्यावर पांढऱ्या वर्तुळात तिरकं उभं केलेलं काळं चिन्ह; आपल्या मंगलचिन्हाचा अर्थ वेगळा, वय कितीतरी जुनं. दाराशी रांगोळी काढणाऱ्या मुलींनाही सांगून ठेवा, या तीन दिवसांत साधी फुलं काढा.

‘हिटलर शिस्तीचा होता’ हे वाक्यही येणार. त्यावर वाद घालत बसू नका. मारले गेलेले ज्यू साठ लाख, त्यांत सुमारे पंधरा लाख मुलं, एवढं शांतपणे सांगा. प्रेतांचे फोटो लावू नका. लहान मुलांच्या डोळ्यांसमोरून ते हलत नाहीत आणि पाट्या वाचायच्या राहतात.

माहिती सांगणारे

सहा जण पुरतात, दोघांच्या तीन पाळ्या. नववी-दहावीची मुलं उत्तम. खेड्यातून आलेल्या बायाबापड्यांशी अहिराणीतच बोलू द्या. ‘हाऊ कागद कोना शे?’ इथून सुरुवात झाली की माणूस टेबलापर्यंत येतो. पाठ केलेलं भाषण नको, पण या उत्तरांची तयारी हवी.

सुगिहारांनी वरच्यांना विचारलं होतं का? हो, टोकियोला तारा पाठवल्या. उत्तर नियम पाळा असंच आलं. ऑगस्टच्या मध्यावर तर, कौनासचे व्हिसा घेऊन आलेल्यांजवळ पैसे आणि पुढचे कागद नाहीत, अशी तक्रारही आली. तरी ते लिहीत राहिले.

जपान जर्मनीच्या बाजूचा होता ना? दोघांचा इटलीसह करार झाला २७ सप्टेंबर १९४०ला. सुगिहारांनी कौनास सोडलं ४ सप्टेंबरला.

ते सुटणाऱ्या गाडीच्या खिडकीतूनही लिहीत होते हे खरं का? ही आठवण त्यांच्या पत्नी युकिको यांनी सांगितली आहे. सांगताना त्यांचं नाव घेऊन सांगा.

शिक्षा झाली का? ताबडतोब नाही. प्राग, क्योनिग्जबर्ग, बुखारेस्ट इथे त्यांच्या नेमणुका झाल्या. युद्धानंतर काही काळ सोव्हिएत ताब्यात काढून १९४७ला ते परतले आणि परराष्ट्र खात्यातून त्यांना जावं लागलं. खात्याने कारण नोकरकपातीचं दिलं. कुटुंबाने ते कौनासमुळेच मानलं. दोन्ही सांगा. १९८४ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांना ‘राष्ट्रांमधील सज्जन’ हा सन्मान दिला, झ्वार्तेंडाइक यांना १९९७ साली, मरणोत्तर. सुगिहारा ३१ जुलै १९८६ला गेले.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिलेले पोलिश लोक हेच का? नाही. ती मुख्यतः कॅथलिक पोलिश कुटुंबं, सोव्हिएत हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. हा गोंधळ मोठी माणसंही करतात. महाराष्ट्रातले ज्यू कोण, असं विचारलं तर कोकणातल्या बेने इस्रायलींचं सांगा: तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम न करणारे, म्हणून शनिवार तेली.

आणखी तीन टेबलं

सातवी पाटी इतरांची. थोडक्यातच, पण तिथेही कागदाचीच करामत दाखवा. व्हिएन्नातले चिनी वाणिज्यदूत हो फेंगशान यांनी १९३८पासून शांघायचे व्हिसा दिले. शांघायला उतरायला व्हिसा लागतच नव्हता, पण ऑस्ट्रियातून सुटायला तो दाखवावा लागे. बोर्दोतले पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिस्तिदेस द सोसा मेंदेस यांनी जून १९४०मध्ये सरकारचा मनाईहुकूम मोडून व्हिसे दिले आणि नोकरी गमावली. बुडापेस्टला स्विस उपवाणिज्यदूत कार्ल लुट्झ यांना ८,००० परवान्यांची मुभा होती. ती त्यांनी माणसांची न धरता कुटुंबांची धरली आणि संरक्षणपत्रांवर १ ते ८,००० हेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. तुमच्या टेबलावरच्या रजिस्टरशेजारी ही पाटी लावा, क्रमांकाची गंमत मुलांना लगेच पकडता येते.

उतरवताना सनबोर्ड एकावर एक आडवे रचू नका. पत्र्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका; आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते पापडासारखे वळतात. दोन पाट्यांमध्ये वर्तमानपत्र घालून, उभे, आतल्या कपाटामागे. शेजारच्या शाळेने मागितले तर जूनपूर्वीच देऊन टाका. रजिस्टर मात्र वाचनालयात राहू द्या, वाळवीपासून दूर, वरच्या फळीवर. पुढच्या वर्षी क्रमांक घालायला नवी ४० मुलं असतील आणि त्यांना नवं रजिस्टर लागेल.